आमची वाटचाल : विक्रोळीचं काउंटर

आमचा एफएल-टू, म्हणजे दारूच्या दुकानाचा, परवाना वडिलांच्या नावाचा. सरकारनं वाईन शॉपचे नवे परवाने थांबवले, त्याच्या आधीचा.

दुकान क्वार्टरवर, म्हणजे 180 मिलीच्या बाटलीवर, उभं राहिलं. 48 नगांची पेटी फोडायची आणि कारखान्याची पाळी सुटली की ती रिकामी. रम, ब्रँडी आणि साधी व्हिस्की, बस्स. 1995 साली रॉयल स्टॅग व्हिस्की आली आणि गिऱ्हाईक एक पायरी वर चढलं. आता फळीवर भारतीय सिंगल माल्ट आहे, गोव्याची जिन आहे. 2021 मध्ये राज्यानं आयात स्कॉचवरचं शुल्क 300 वरून 150 टक्के केल्यावर खंबे, म्हणजे 750 मिलीच्या बाटल्या, जास्त हलायला लागले. पिण्याचं प्रमाण तर त्याआधीच वाढलं होतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात भारतात पंधरा वर्षांवरच्या माणसामागे वर्षाला शुद्ध मद्यार्क 2010 ला 4.3 लिटर होता, 2016 ला 5.7.

त्यानंतरचंच वर्ष आमच्या मुळावर आलं. हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आमचं दुकान ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला. नूतनीकरणाची फी भरलेली, गोदामात माल आणि शटर खाली! स्टेशनपलीकडच्या एका दुकानदारानं त्याच आठवड्यात आमचा काउंटरवरचा पोरगा जास्त पगारावर फोडला. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला ब्रँड लागतो, हे त्या पोराला पाठ होतं. धंद्यात चढाओढ मला मान्य आहे, पण पडलेल्याच्या घरातला माणूस नेणं मी आजही विसरलेलो नाही.

कन्नमवार नगरातले एक निवृत्त फिटर काका मात्र पलीकडे गेले नाहीत. दर शनिवारी शटरपाशी यायचे, "बाळा, कधी उघडतोस?" विचारायचे. वडील असल्यापासून त्यांची एकच रमची क्वार्टर. महापालिका हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना ही बंदी नाही, असा खुलासा जुलैत कोर्टानं केला, पण आमचं कुलूप निघेपर्यंत गणपती येऊन गेले. पहिलं बिल काकांचं केलं.

नव्या दुकानदारांनो, ऐका. कंपनीच्या स्कीमच्या, म्हणजे जास्त माल घेतल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या, मोहानं पेट्या भरू नका, आपल्या गल्लीत काय खपतं ते रजिस्टरमध्ये बघा. बाटलीवरचा उत्पादन शुल्क खात्याचा होलोग्राम तपासल्याशिवाय माल उतरवू नका. 25 च्या आतल्याला बाटली देऊ नका, कितीही ओळखीचा असो. आणि खंब्यात मार्जिन आहे म्हणून क्वार्टरवाल्याला ताटकळत ठेवू नका. जून 2025 ला सरकारनं शुल्क वाढवलं, भारतात बनलेल्या विदेशी मद्याची क्वार्टर किमान 205 रुपयांवर गेली. ती वाढ सगळ्यात आधी त्याच्याच खिशाला लागली, आणि तरी तो आपल्याच काउंटरवर येतो.