भागाकारातली दोन शून्यं

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि माझ्या डोळ्यांपुढे नववी 'ब'चा फळाच उभा राहिला. ऑफ तास होता. गणिताचे सर आले आणि काही न बोलता त्यांनी लिहिलं : ४२९४९६७२९७.

"वाचा."

एकं, दहं, शतं करत आम्ही वाचलं, चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

"मूळ संख्या आहे का?"

शेवटी ७, म्हणजे २ नाही, ५ नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ही नाही. त्यापुढे आम्हाला काही सुचेना. मग सरांनी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट सांगितली. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही संख्या मूळ. प्रत्येक वेळी आधीच्या संख्येतून १ वजा करायचा, त्याचा वर्ग करायचा, पुन्हा १ मिळवायचा. १६४० च्या सुमारास फर्माला वाटलं, ही माळ अशीच मूळ संख्यांची चालत राहणार. फळ्यावरची संख्या त्या माळेतली सहावी, २ चा ३२ वा घात अधिक १. ती १७३२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने फोडली, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव असा असावा लागतो की त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरते, हेही त्याने दाखवलं. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. एवढ्या अवाढव्य संख्येसाठी पाचव्याच प्रयत्नाला दार उघडतं!

सर म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. भाग लावा."

सगळा वर्ग वहीत वाकला. ४२९४ मधून ३८४६ गेले, उरले ४४८. ९ खाली घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. इथे खरी परीक्षा होती. ६ घेतला, २६. भाग जात नाही. ७ घेतला, २६७. तरी जात नाही. वर दोन शून्यं द्यायला हवीत. माझ्यासकट अर्ध्या वर्गाने ती दिलीच नाहीत आणि उत्तर काढलं ६७४१७. सरांनी खोडलं नाही. "६४१ ने गुणून बघ," एवढंच म्हणाले. गुणाकार चार कोटींच्या घरात आला. अब्ज कुठे गेले, ते माझं मलाच शोधावं लागलं. दोन शून्यं भरली, शेवटी पुन्हा तेच ४४८७ समोर आलं आणि बाकी शून्य. ६७००४१७. माझ्या पेन्सिलीखाली फर्माचा अंदाज मोडला होता. तो क्षण मी आजही अंगावर अनुभवतो.

पुढे कॉलेजात कळलं की भागाकाराचीही गरज नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. एवढ्यावरून ६४१ ने भाग जातो हे दोन ओळींत सिद्ध होतं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी त्या दोन ओळी पोस्टकार्डावर लिहून सरांना धाडल्या.

आठवड्याने उत्तर आलं. कार्डावर माळेतली पुढची, वीस अंकी संख्या होती : १८४४६७४४०७३७०९५५१६१७. खाली सरांच्या ठसठशीत अक्षरात : "२७४१७७ ने भाग. इथेही वर दोन शून्यं येतात."