वसईच्या किल्ल्यात, भिंतीच्या कडेकडेने

रविवारी सकाळी दादरहून विरार लोकल पकडली. खिडकी मिळाली, भाईंदरच्या खाडीवरचा वारा खाल्ला आणि वसई रोडला उतरून किल्ल्याची बस धरली. कोटातले पहिले दोन तास नुसती भटकंती झाली. वडाची मुळं दगड फोडून आत शिरलेली, चर्चच्या छपराच्या जागी आभाळ.

मन अडकलं ते फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. इथली अख्खी जमीनच थडग्यांच्या शिळांची आहे. पोर्तुगीज अक्षरं, कुठे घराण्याचं चिन्ह, बरंचसं पायांनी झिजलेलं. त्यातल्याच एका शिळेवर आठ-दहा जणांनी केक ठेवला होता. फोम उडत होता, मेणबत्तीचं मेण अक्षरांत ओघळत होतं. पलीकडे लग्नाआधीचं फोटोशूट, रंगीत धुराची नळकांडी. माझं डोकंच फिरलं. आपल्या आजोबांच्या समाधीवर कुणी केक कापलेला चालेल का आपल्याला? विचारायचं होतं, पण भांडणाला भ्याले आणि गप्प राहिले. ते अजून सलतंय.

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी दारातून आत आल्या. समोरून सरळ वाट होती, तरी त्या भिंतीला धरून, वळसा घालून गेल्या. मी विचारलं, "मावशी, इकडून का?"

"पाय नको लागायला गं. माणसं आहेत ना ती," म्हणाल्या. "आमची आईपण अशीच जायची."

मी खाली पाहिलं. मी एका शिळेच्या बरोब्बर मधोमध उभी होते. चटकन बाजूला झाले.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि मग दोनशे वर्षं हे त्यांचं भरलं गाव होतं. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी मोठ्या झुंजीनंतर किल्ला घेतला. दोन्हीकडची माणसं ढिगाने पडली होती, तरी हरलेल्यांना त्यांनी बायकामुलं आणि चीजवस्तूंसह सन्मानाने जाऊ दिलं. मला या विजयाचा अभिमान वाटतो तो याच्यासाठी. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी. मेणवलीची मी पाहिली आहे. शत्रूची घंटाही त्यांनी देवापुढेच टांगली. जिवंत माणसं गेली, घंटा गेल्या. जमिनीखालची तेवढी इथेच राहिली.

केकवाले उठून गेल्यावर मी शिळेवरचा पुठ्ठा आणि सुरी उचलली. नखाने मेण खरवडलं. अक्षरांच्या खाचांतलं निघेना. मग बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने पुसलं, तेव्हा काळ्या दगडात एक ओळ ओली होऊन उठून दिसली. भाषा येत नाही, म्हणून बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसले.

परत निघाले ती भिंतीच्या कडेकडेने.