५०२ दिसला की आधी कोणाचा लॉग उघडायचा

डिसेंबरअखेर पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या होमस्टेंच्या बुकिंग साइटवर गर्दी उसळते आणि पडद्यावर ५०२ (‘बॅड गेटवे’, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही) येतो. साइट जँगो या पायथन चौकटीत लिहिलेली असली, तरी लगेच जँगोच्या कोडात हात घालू नका. हे पान बहुतेक वेळा जँगोचं नसतंच, पुढे उभ्या असलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचं असतं.

एन्जिनएक्स बाहेरची विनंती घेतो आणि युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमना जोडणारी फाइल) गनिकॉर्नकडे, म्हणजे जँगो चालवणाऱ्या पायथन सर्व्हरकडे, सोपवतो. गनिकॉर्न ती एका पायथन डिक्शनरीत भरतो (मेथड, पाथ, क्वेरी, हेडर) आणि जँगोचं एकच फंक्शन बोलावतो. सोबत स्टेटस व हेडर कळवायला आणखी एक फंक्शन देतो. उत्तर बाइट्सच्या तुकड्यांत परत येतं. हा करार म्हणजे डब्ल्यूएसजीआय, २००३ सालचा पेप (पायथनचा प्रस्ताव-दस्तऐवज) ३३३. पायथन ३ साठी २०१० मध्ये पेप ३३३३ आला. फ्लास्क ही दुसरी पायथन चौकटही हाच करार पाळते.

आता गंमत बघा. मूळ सेटिंगमध्ये एन्जिनएक्स उत्तराची वाट ६० सेकंद पाहतो, गनिकॉर्नची मुदत मात्र ३० सेकंद. साधा सिंक वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारी गनिकॉर्नची प्रक्रिया) पेमेंट गेटवेच्या उत्तरासाठी अडकला की गनिकॉर्न त्याला ३० सेकंदांनंतर मारतो, सॉकेटवरचं कनेक्शन तुटतं आणि एन्जिनएक्स ५०२ देतो. म्हणजे दुखणं संथपणाचं, पण ५०४ (‘गेटवे टाइमआउट’) दिसतच नाही. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ शोधा. वर्कर वाढवून फार काही साधत नाही, तेही तसेच अडकतात. बाहेरच्या कॉललाच ५ सेकंदांची मुदत घाला. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून कुठलीच मुदत घालत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं.

एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ असेल तर सॉकेट होम डिरेक्टरीत ठेवलेला असण्याचा संभव मोठा. उबुंटू २१.०४ पासून नव्या होम डिरेक्टरीची परवानगी ७५० असते, एन्जिनएक्सला आत शिरताच येत नाही. सॉकेट ‘रन’ डिरेक्टरीत हलवा.

पाहुण्याने पासपोर्टचा ४ एमबीचा फोटो चढवला आणि ४१३ (विनंती फार मोठी) आला? एन्जिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे. विनंती जँगोपर्यंत पोचलेलीच नसते.

एचटीटीपीएस चालू करताच पान स्वतःकडेच रीडायरेक्ट होत राहिलं, तर कारण असं की टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) एन्जिनएक्सपाशीच संपतं आणि जँगोला साधं एचटीटीपीच दिसतं. एन्जिनएक्समधून ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पाठवा आणि जँगोच्या सेटिंगमध्ये त्यावर विश्वास ठेवायला सांगा. मात्र बाहेरून आलेलं त्याच नावाचं हेडर एन्जिनएक्सने पुसून आपलं लिहिलंच पाहिजे, नाहीतर कोणीही साध्या कनेक्शनला सुरक्षित म्हणवून घेईल.