लहान मुलांना घेऊन अम्युझमेंट पार्कात: आमचा एक दिवस

गेल्या महिन्यात आम्ही मुलांना घेऊन जवळच्या अम्युझमेंट पार्कात जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, सासूबाई, साडेपाच वर्षांची थोरली आणि नुकतीच तीन पूर्ण झालेला धाकटा. आल्यापासून ओळखीतल्या आया विचारताहेत, कसं झालं, काय काय नेलं, एवढ्या लहान मुलांना नेण्यात अर्थ आहे का. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढते. अर्थ नक्कीच आहे. मात्र दिवस मुलांच्या कलाने जाऊ द्यायचा, तिकिटाचे पैसे वसूल करायच्या हिशेबाने नाही, हे निघायच्या आधी घरातल्या मोठ्यांनी आपापसात ठरवून टाका. आमचं ते दुपारपर्यंत ठरत नव्हतं आणि त्याचा त्रास मुलांना झाला.

आम्ही मुद्दाम सुट्टीचा दिवस टाळला आणि दार उघडायच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो. आत शिरल्यावर बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडपाशी थांबतात, त्यामुळे तिथे लगेच रांग लागते. आम्ही सरळ पार्कच्या मागच्या टोकाला गेलो आणि तिथून पुढे येत राहिलो. पहिल्या तासाभरात चार राइड झाल्या, एकीलाही पाच मिनिटांवर थांबावं लागलं नाही. दुपारनंतर तेवढ्याच वेळात एक झाली. लहान मुलांसाठी सकाळचे पहिले दोन तास म्हणजे सोनं. ते फोटो काढण्यात आणि नकाशा उलगडण्यात घालवू नका. नकाशा आदल्या रात्रीच बघून ठेवा, त्यावर स्वच्छतागृहं आणि सावलीच्या जागा तेवढ्या हेरून ठेवा.

आता उंचीची गोष्ट, कारण आमचं पहिलं रडं तिथेच झालं. थोरलीने आठवडाभर एका रोलर कोस्टरचं स्वप्न पाहिलं होतं. राइडच्या तोंडाशी लाकडी जिराफ उभा होता, त्याची मान 110 सेंटिमीटरवर आडवी वळलेली. थोरली त्याच्याखाली जाऊन ताठ उभी राहिली. हळूच टाचाही उचलल्या. तिथल्या ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला सांगितलं आणि मानेच्या खालून आपला तळवा सहज सरकवून दाखवला. 107. तीन सेंटिमीटर कमी. तिचा चेहरा कसा उतरला ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मागे उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, अहो, तीनच तर कमी आहेत, सोडा की. कृपा करून असा आग्रह कुणी धरू नका. उंचीची अट मुलाच्या धाडसाचं माप नसते. राइडची सीट आणि मांडीवर येणारा दांडा ठरावीक आकाराच्या शरीरासाठी केलेले असतात. शरीर बारीक असेल तर दांडा आणि मांडी यांच्यामध्ये फट राहते. उतारावर अंग सीटवरून क्षणभर उचललं जातं तेव्हा तेवढ्या फटीतून मूल खाली किंवा पुढे सरकू शकतं. त्या ताईंनी नाही म्हटलं म्हणून मी त्यांचे आभार मानले. चूक आमची होती. घरी भिंतीला उभं करून उंची मोजून न्यायला हवी होती. पार्कच्या माहितीत प्रत्येक राइडची अट दिलेली असते, ती वाचून कुठे बसता येईल आणि कुठे नाही हे मुलांना घरीच सांगून टाका. घरी ऐकलेला नकार मूल पचवतं. रांगेत अर्धा तास उभं राहून ऐकलेला पचत नाही.

मग आम्ही दोघी त्या रोलर कोस्टरच्या कुंपणाबाहेरच्या बाकावर बसलो. खरं तर तिला समजवायला बसले होते, पण तिचं लक्ष आवाजाकडे गेलं. गाडी पहिली टेकडी चढताना खट-खट-खट असा आवाज येतो ना, तो कशाचा, असं तिने विचारलं. मी सांगितलं, साखळी गाडीला वर ओढते आणि गाडीखालचा खटका रुळांमधल्या दात्यांवरून एकेक करत पुढे पडत जातो. साखळीने दगा दिला तरी खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. मग तिने आपणहून शोधलं की पुढच्या सगळ्या टेकड्या पहिलीपेक्षा बुटक्या आहेत. कारण माथ्यावर साखळी सुटली की गाडीला ओढणारं काहीच नसतं, पहिल्या उंचीवर जे कमावलं त्यावरच ती शेवटपर्यंत पळते, आणि त्यातलंही थोडं वाटेत घासून संपतं. अमेरिकेत कोनी आयलंडला 1884 साली ला मार्कस थॉम्पसन यांनी पहिली अशी गाडी लोकांसाठी सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर होता. म्हणजे लहान मुलांच्या सुरवंटाच्या गाडीसारखीच की, असं ती म्हणाली आणि उठून त्या सुरवंटाच्या रांगेत गेली. तीन वेळा बसली. दिवसभरात आमचा सर्वांत छान अर्धा तास त्या बाकावर गेला.

मोठ्यांना त्या मोठ्या राइडमध्ये बसायचं असेल तर एकाने बसायचं, दुसऱ्याने मुलांपाशी थांबायचं, आणि पहिला उतरला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडायचं, अशी सोय काही पार्कांत असते. ती पाटीवर लिहिलेली नसते, विचारावी लागते.

धाकट्याचं दुखणं वेगळंच. त्याला उंचीची अडचण नव्हती, कारण त्याच्या राइड सगळ्या बुटक्याच. पण आम्ही त्याला बाहुल्या हलतात त्या अंधाऱ्या बोगद्यात नेलं. तो दारातच माझ्या मानेला घट्ट बिलगला होता, "नको" म्हणत होता. नवरा म्हणाला, बाहुल्याच तर आहेत, एकदा बसला की हसेल. मीही मान डोलावली. आत गेल्यावर तो रडलाही नाही, नुसता थरथरत राहिला. त्यानंतर दोन तास छत असलेल्या कुठल्याही गोष्टीत पाय टाकेना, स्वच्छतागृहातसुद्धा. तीन वर्षांच्या मुलाला समोरचं खोटं आहे हे सांगून भागत नाही, त्याच्यासाठी ते खरंच असतं. त्यामुळे नको म्हटलं की तिथेच थांबा. एकदा बाहेरून दाखवा, उतरणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवा, आणि त्याने हात धरून ओढलं तरच आत जा.

मेरी-गो-राउंड मात्र लहानांसाठी हुकमी, पण तिथेही जागा निवडून बसवा. चक्र एकच असलं तरी बाहेरच्या रांगेतला घोडा आतल्यापेक्षा जास्त वेगाने पळतो, कारण तेवढ्याच वेळात त्याला मोठा फेरा पुरा करायचा असतो. मध्यापासून दुप्पट अंतरावर वेगही दुप्पट. धाकट्याला सकाळी आम्ही अगदी आतल्या बाजूच्या स्थिर बाकावर बसवलं. वर-खाली होणाऱ्या घोड्याकडे तो नुसता बघत राहिला.

साखळ्यांच्या पाळण्यांपाशी थोरलीने एक गोष्ट टिपली. चक्र फिरायला लागलं की पाळणे बाहेर झेपावतात, आणि एका रांगेतले सगळे पाळणे सारखेच तिरके होतात, मग त्यात जाडजूड माणूस असो की सडपातळ मुलगी. रिकामा पाळणाही जवळजवळ तसाच. तो तिरकेपणा वेग आणि मध्यापासूनचं अंतर यांवर ठरतो, बसलेल्याच्या वजनावर नाही. आपण उभं राहून बघितलं तर मुलं किती बघतात!

जायंट व्हीलमध्ये बसण्याआधी मुलांना एक गोष्ट सांगून ठेवा. लोक चढवायला आणि उतरवायला चाक मध्ये मध्ये थांबतं आणि आपला डबा नेमका वर असू शकतो. आम्ही सांगून ठेवलं होतं, म्हणून वर थांबल्यावर थोरली घाबरली नाही, उलट "आता खाली कुणीतरी चढतंय" असं तिनेच भावाला समजावलं. जॉर्ज फेरिस यांनी 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात उभारलेलं चाक सुमारे 80 मीटर उंच होतं. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसं मावत. हे ऐकून ती खाली पोचेपर्यंत आमच्या अख्ख्या इमारतीतली माणसं त्या डब्यांत बसवत होती.

गरगर फिरणाऱ्या कपांबद्दल सावध करते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात, त्या गोंधळात मळमळ होते. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त असतो. त्यामुळे फिरणाऱ्या राइड खाण्याआधी उरकून घ्या. पोटात काही गेल्यावर अर्धा-पाऊण तास सावलीत बसा. तरी मळमळलंच तर मुलाला मोबाइल देऊ नका. मोकळ्या हवेत दूरच्या झाडाकडे बघायला लावा.

घसरगुंडीवर मला तिथल्या दादांनी अडवलं. धाकटा एकटा जाईना म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन बसणार होते. ते म्हणाले, ताई, असं करू नका, एकतर तो एकटा जाऊ दे नाहीतर राहू दे. मी चकित झाले, पण त्यांचं म्हणणं पटलं. मांडीवरच्या मुलाचा पाय कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो आणि मोठ्या माणसाच्या वजनाचा जोर मागून येतच राहतो, त्यात नडगीचं हाड मोडतं. एकटं मूल अडकलं तर नुसतं थांबतं. आपण सांभाळायला जातो आणि तिथेच इजा होते, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. दुपारी घसरगुंडीचा पत्रा किंवा प्लास्टिक किती तापलंय तेही आधी हाताच्या पालथ्या बाजूने बघा. हवा भरलेल्या उड्या मारायच्या किल्ल्यात मोठी मुलं शिरली की लहानांना बाहेर काढा. एकाच्या उडीने दुसरं मूल भलतीकडे फेकलं जातं.

पाण्याच्या भागात आम्ही तासभरच होतो. तिथे मोबाइल बॅगेत गेलाच पाहिजे. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गुपचूप खाली जातं. त्यामुळे गुडघाभर पाण्यातही मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवं. दंडाला लावायच्या हवेच्या पिशव्यांवर विसंबू नका, मापाचं लाइफ जॅकेट घाला. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पिवळे घ्या, निळे पाण्यात दिसतच नाहीत. मुलाला जुलाब होत असतील तर पाण्यात उतरवूच नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो आणि दुसऱ्या मुलांना लागतो. सनस्क्रीन उन्हात जाण्याआधी पंधरा मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच पुन्हा.

आता मूल हरवण्याबद्दल. धाकटा तीन-चार मिनिटं दिसेनासा झाला होता. त्या मिनिटांबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. पण सकाळी केलेल्या दोन गोष्टी कामी आल्या. दारातच मी दोन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला, डोक्यापासून बुटांपर्यंतचा फोटो काढला होता, आणि त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूला माझा नंबर पेनने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. आम्ही सैरावैरा धावलो नाही. सासूबाई जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या, नवरा पाण्याच्या दिशेला गेला आणि मी जवळच्या कर्मचाऱ्याला फोटो दाखवला. आधी पाणी आणि बाहेरचं दार बघायचं, हे लक्षात ठेवा. तो एका झाडामागे मुंग्यांची रांग बघत बसला होता. मुलांना एवढंच शिकवा, आई दिसली नाही तर जागेवर उभं राहायचं आणि जोरात हाक मारायची, नाहीतर गळ्यात ओळखपत्र असलेल्या ताई-दादांकडे किंवा मुलं बरोबर असलेल्या मावशीकडे जायचं.

सासूबाईंचं येणं आम्हाला फार उपयोगी पडलं. त्या सावलीत एका ठिकाणी बसल्या आणि तीच आमची जागा झाली. बॅगा तिथे, पाणी तिथे, दमलेलं मूल तिथे. दुपारी धाकटा बाबागाडीत त्यांच्याजवळ तासभर झोपला. ती झोप चुकवली असती तर पुढचा दिवस हाती लागला नसता. बाबागाडी नेताना मूल आता चालतं असा विचार करू नका, तीन वर्षांच्या पायांना पार्क खूप मोठं असतं. बॅगेत प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे, ओल्यासाठी एक मोठी पिशवी, टोप्या आणि आवाजाला बिचकणाऱ्या मुलासाठी कानांवरचं आच्छादन एवढं पुरे. बाकी ओझं आम्ही उगाच वाहिलं.

साडेतीनला आम्ही आवरायला घेतलं. अजून पाच-सहा राइड राहिल्या होत्या, नवऱ्याच्या मनात होतं, पण मुलं हसत होती तेव्हाच निघायचं असं एव्हाना आमचं पक्कं झालं होतं. शेवटची राइड मुलांनी निवडायची हे सकाळीच कबूल केलं होतं. धाकट्याने मेरी-गो-राउंड म्हटलं. मी सवयीने आतल्या बाकाकडे वळले, तर त्याने माझा हात सोडवला आणि शेजारच्या तपकिरी घोड्याच्या मानेवर थाप मारली. वर बसवला, पट्टा लावला, मी कमरेला धरून उभी राहिले. पहिल्या फेरीत दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला होता. तिसऱ्या फेरीत कुंपणापलीकडे आजी दिसली आणि त्याने एक हात सोडून तिला टाटा केलं.