ग्रेगरी ६.१७: ‘पर्फिदिया’ने पुन्हा अडवलं

लॅटिन ‘पर्फिदिया’साठी मराठी भाषांतराच्या मागच्या मसुद्यात घातलेला ‘विश्वासघात’ सगळीकडून काढावा लागतोय. तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासाच्या १० खंडांपैकी सहावा, प्रकरण १७. साल ५८२: चिल्पेरिक हा फ्रँक राजा बऱ्याच ज्यूंना बाप्तिस्मा घ्यायला लावतो. त्यातले काही ‘आधी होती त्याच पर्फिदियाकडे’ परतले, शनिवारही पाळू लागले आणि रविवारही, असं ग्रेगरी लिहितो.

अभिजात लॅटिनच्या कोशात पहिला अर्थ दगाबाजी. पण बाप्तिस्म्याआधी या लोकांनी ख्रिस्ताला शब्दच दिलेला नव्हता, मग ‘आधीची’ दगाबाजी कुठली? दग्याचा आरोप शेजारी आहे: ‘देओ मेंतीती’, देवाशी खोटं बोलून. दोन्हीकडे दगा घातला तर वाक्य दुप्पट विखारी होतं, आणि तो वरचा विखार ग्रेगरीचा नाही, आपला. शिवाय ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियसपंथी ख्रिश्चनांनाही हाच शब्द लावत. तिथे रोख चुकीच्या श्रद्धेवर. सहाव्या शतकासाठी ब्लेझचा ख्रिस्ती लेखकांच्या लॅटिनचा कोश घ्या. सिसेरोच्या लॅटिनवर ग्रेगरी वाचणं म्हणजे आजच्या शब्दकोशावर पेशवाईतला कागद लावणं.

‘पाखंड’ बाद, ते हेरेसीसाठी, म्हणजे चर्चच्या मतापासून फारकतीसाठी, राखलंय. ‘अश्रद्धा’ म्हटलं की नास्तिक वाटतात. ‘अविश्वास’ बायबलच्या मराठीत चालतो, बाहेर मात्र लगेच ठराव आठवतो! तरी तोच घेतोय. फिदेस (विश्वास) आणि पर्फिदियाचं मूळ एक, तसंच विश्वास, अविश्वास, विश्वासघात यांचं. दग्याची कुजबुज मागे उरते, आणि उरायलाच हवी. गुड फ्रायडेच्या कॅथलिक प्रार्थनेतून हा शब्द १९५९ साली काढावा लागला तो या कुजबुजीमुळेच. ६.५ मध्ये राजा प्रिस्कस या ज्यू व्यापाऱ्याला ‘सेम्पेर इन्क्रेदुला’ पिढीतला म्हणतो, तिथेही ‘सदा अविश्वासी’ चपखल बसतं.

या खेपेची कमाई: ‘कोर्पोरे तांतुम, नोन कोर्दे आब्लूती’ = ‘अंगाने न्हाले, अंतरंगाने नाही’. कोर-कोरला अंग-अंग. याला आता हात लावायचा नाही.

पुढे लियाँचा आर्चबिशप आगोबार्ड ठरला होता. पण लेखकवार जाण्यापेक्षा शब्दवार गेलेलं बरं, म्हणून आधी पोप ग्रेगरीची (हा तूरचा नव्हे, दुसरा) पत्रं. पालेर्मोच्या बिशपला ५९८ साली लिहिलेलं पत्र ज्यूंचे कायद्याने दिलेले हक्क राखतं, आणि हाच पोप इतरत्र त्यांच्या धर्माला ‘सुपरस्तितिओ’ म्हणतो. रोमन कायद्यातही ज्यू धर्मासाठी हा शब्द येतो, तेव्हा ‘अंधश्रद्धा’ लिहून सुटका नाही.