वडगाव ते गिरगाव, व्हाया स्वयंपाकघर

फिजिओथेरपिस्ट म्हणून मी घरोघरी जाते. शहापूर, वडगाव, खासबाग हा माझा पट्टा. बेळगावचा पाऊस एकदा बसला की माझं काम वाढतं. मोऱ्या शेवाळतात, अंगणं निसरडी होतात आणि म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडतात. या आजी त्यातल्याच. वय अठ्ठ्याहत्तर. मोरीत घसरल्या, खुब्यात कृत्रिम गोळा बसवावा लागला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, टाके निघाले होते, पण आजी कॉट सोडेनात.

"मी न्हाई चालत. परत पडलो तर?"

(आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात शिकताना माझी यावरून भरपूर टिंगल झाली आहे.)

औषधानं दुखणं कमी करता येतं, धास्ती नाही. चार भेटींत आमची मजल कॉटपासून दारापर्यंत. पाचव्या वेळी वैतागून मीच म्हटलं, "आजी, मुंबईला समुद्रावर जायचं का चालत?" त्या वीसएक वर्षं लालबागला राहिल्या होत्या, एवढं मला सुनेकडून कळलं होतं.

"समुद्र? वीस वर्सांत एकदाच बघितला बाई. गणपतीच्या मागनं गेलतो."

मला वाटलं होतं, मुंबईचं माणूस म्हणजे रोज संध्याकाळी चौपाटीवर. आजी तिथं खानावळ चालवायच्या. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मेंबर, म्हणजे चूल विझायचीच नाही. भोंगा झाला की ताटं मांडायची. समुद्र त्यांना कोळणीच्या टोपलीतून दिसायचा, बांगडा आणि बोंबलाच्या रूपात. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर गावाकडं गेले, उधारीची वही तेवढी राहिली. दोन वर्षांनी आजीही वडगावला परतल्या आणि नवऱ्याबरोबर मागावर विणायला बसल्या.

पावसानं शाळेला सुट्टी होती, त्यामुळं दहावीतला नातू घरीच. त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. रस्त्यावर उभं राहिल्यासारखी चारी बाजूंची चित्रं दाखवणारी गुगलची सोय आपल्याकडं जुलै 2022 मध्ये आली, पहिल्या दहा शहरांत. त्यात मुंबई होती, बेळगाव नव्हतं. नातवाला हा अन्याय वाटतो. अशी चित्रं दाखवणारे, डोळ्यांवर चढवायचे चष्मेही मिळतात, पण अशा पेशंटला मी ते कधीच लावणार नाही. तोल आधीच कच्चा, त्यात स्वतःचे पाय दिसेनासे झाले तर भोवळ ठरलेली. भिंतीवरचा टीव्ही बरा.

माझा बेत मरीन ड्राइव्हचा होता. आजींनी तो तिथंच मोडला. "असं मधनंच कसं जायचं? लालबागवरनं जायचं. गणपती जातोय तसं."

घर जुन्या विणकराचं, लांबट, एकामागं एक खोल्या. पुढच्या खोलीत पूर्वी माग होता, आता टीव्ही. तिथून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आजींची छत्तीस पावलं. नियम असा ठरला: टीव्हीकडं पाठ करून उंबऱ्यापर्यंत जायचं, चांगल्या पायाच्या बाजूनं हळूहळू वळायचं, परत यायचं. तेवढ्यात नातू चित्र पुढं सरकवणार. मी सुनेची जुनी ओढणी आजींच्या कमरेला घट्ट बांधली आणि मागून धरली. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला.

पहिली खेप संपली तेव्हा समोर भारतमाता सिनेमा होता. आजी वॉकर धरून बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्या माणसाचं तोंड कुणी पुसलंय?"

गुगल चेहरे पुसट करतं, असं नातवानं समजावलं.

"मग वळखीचं कोण दिसलं तर कळायचं कसं?"

याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं. आजी मात्र पुढच्या खेपेला निघाल्या होत्या, मी न सांगता. खानावळीची चाळ सापडली नाही. त्या जागेवर काचेचा उंच टॉवर होता. मला वाटलं, आता बसतील. त्या फक्त "असू दे, चल पुढं" म्हणाल्या आणि वळल्या.

शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. आजींना चालताना बघून दारातच थबकल्या. "आज्जी, यल्लिगे होंट्री?" कुठं निघालात, असं कानडीत.

"मुंबईगे!" आजी न थांबता म्हणाल्या. काकूही मग डबा मांडीवर घेऊन बसल्या.

भायखळ्याला नातवानं माहिती पुरवली, की इथं अग्निशमन दलाचे बंब भोंगे वाजवून लालबागच्या राजाला सलामी देतात. तो दरवर्षी टीव्हीवर बघतो. प्रत्यक्षात त्यानं विसर्जन पाहिलंय ते आपल्या कपिलेश्वर तलावावरचं. आजी म्हणाल्या, "तळं ते तळं." एवढ्यात लाइट गेली. टीव्ही काळा, पंखा बंद, पावसाचा आवाज एकदम मोठा. आजी मधल्या खोलीत उभ्या. मी खुर्ची ओढणार, तर म्हणाल्या, "थांब गं. मिरवणूक हितं तटतीच की." सात-आठ मिनिटं त्या तशाच वॉकरवर उभ्या राहिल्या. आदल्या भेटीत दोन मिनिटांत पाय लटलटत होते.

लाइट आली. नागपाडा, ऑपेरा हाउस. पुढं काही आठवत नव्हतं त्यांना, कारण तेव्हा पहाट झाली होती आणि कडेवरचं पोर झोपलं होतं. आठव्या खेपेनंतर नातवानं कुणीतरी टाकलेला गिरगाव चौपाटीच्या वाळूवरचा फोटो लावला. अख्खा टीव्ही भरून वाळू, पलीकडं पाणी.

इथं माझी चूक झाली. मीही टीव्हीकडं बघत होते. ओढणीला अचानक ओढ बसली तेव्हा कळलं, आजींनी एक हात वॉकरवरून सोडला होता आणि त्या खाली वाकत होत्या. वाळूत बसायला! खुबा नव्वद अंशांपलीकडं वाकला तर बसवलेला गोळा खोबणीतून निसटू शकतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाट तर नाहीच. हे मी दर भेटीला बजावते. मी सगळं वजन मागं टाकून त्यांना धरलं, काकूंनी डबा फेकून पुढून आधार दिला, नातवानं दोन उशा टाकलेली खुर्ची सरकवली. आजी टेकल्या. दुखरा पाय तपासला. लांबी सारखी, पंजा सरळ. माझे हात मात्र थरथरत होते.

"अगं, सगळीच बसलीती वाळूत," आजी म्हणाल्या. "म्हणून मी पण."

मला रागावता येईना. चहा झाला. आजींनी बशीतून घोट घेत बराच वेळ समुद्र बघितला.

"लाटा काय हालंनात."

"फोटो आहे आज्जी," नातू म्हणाला.

"ते कळतंय मला." थोडं थांबून, "त्या दिवशी पण मला नीट बघाय मिळाला न्हाई. पोरगं उठून रडाय लागलं. शिवाय पाळी सुटायच्या आत भाकऱ्या टाकायच्या होत्या."

मी वहीत नोंद केली: आठ खेपा, वॉकर, एकीचा आधार, एकदा तोल. शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि सुनेला बोलावून जमिनीवरची सतरंजी उचलायला लावली. निघताना छत्री उघडत होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"सोमवारी येतीस न्हवं? चौपाटीवरनं परत येताना लालबागच्या चिवडा गल्लीवरनं यायचं. आणि त्या पोराला सांग, गाडी जरा हळू सरकव म्हणावं."