विघटन कधी, कुठे आणि कशात?

दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल आपल्या स्नायूंतही तयार होते आणि शरीर ते सहज वापरून टाकते. या आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी तयार केली, की तिचा धागा ओढता येतो आणि पेलेही बनवता येतात. पॉलिलॅक्टिक आम्लाची ही साखळी आणि तिचे जवळचे प्रकार आज शस्त्रक्रियागृहात, समारंभांतल्या पेल्यांत आणि दूषित भूजलाच्या शुद्धीकरणात आढळतात. रसायनशास्त्र शिकवताना मी या तीन ठिकाणांची तुलना आग्रहाने करतो, कारण पदार्थ कुजतो की नाही एवढाच प्रश्न विचारला तर फार थोडे कळते. तो कोणत्या परिस्थितीत, किती काळाने आणि कशात रूपांतरित होतो, यावर आपला ताबा असेल तरच त्या विघटनावर विसंबता येते.

विरघळणारे टाके पूर्वी मेंढ्या आणि गुरांच्या आतड्यांपासून केलेल्या धाग्याने घालत. हा धागा प्रथिनांचा असल्याने शरीरातली विकरे तो तोडतात. पण जखमेत जंतुसंसर्ग झाला की तो वेळेआधीच कमकुवत होतो, म्हणजे टाका टिकण्याची गरज जिथे सर्वांत जास्त, नेमका तिथेच तो लवकर सुटतो. १९७० च्या सुमारास ग्लायकोलिक आम्लाच्या साखळीचा डेक्सॉन हा धागा आला आणि १९७४ मध्ये ग्लायकोलिक व लॅक्टिक घटकांचे ९०:१० प्रमाण असलेला व्हिक्रिल. हे धागे मुख्यतः पाण्यामुळे तुटतात, आणि ऊतींमध्ये पाणी सर्वत्र असल्याने त्यांचे वेळापत्रक बरेचसे आधी सांगता येते. व्हिक्रिलची सुमारे तीन चतुर्थांश ताकद दोन आठवड्यांनंतर शिल्लक असते, तीन आठवड्यांनी ती निम्म्यावर येते, आणि धागा पूर्ण शोषला जायला मात्र ५६ ते ७० दिवस लागतात. ताकद संपणे आणि पदार्थ संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते. पोटाच्या भिंतीसारख्या सावकाश भरून येणाऱ्या जागी पॉलिडायोक्झॅनोनचा धागा वापरतात, तो याच कारणाने: त्याची ताकद कित्येक आठवडे टिकते आणि तो पूर्ण शोषला जायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात.

लॅक्टिक आणि ग्लायकोलिक घटकांचे प्रमाण बदलून शरीरात सावकाश औषध सोडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या विघटनाचा वेगही ठरवता येतो; समसमान मिश्रण सर्वांत लवकर तुटते आणि लॅक्टिक घटक वाढवला की साखळी पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. इथे एक अनपेक्षित गोष्ट घडते. जाड तुकड्याच्या आत तयार झालेले आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि तेच उरलेल्या साखळ्या वेगाने तोडू लागते, त्यामुळे तुकडा बाहेरून शाबूत दिसत असताना आतून पोकळ होत जातो. अमेरिकी रसायन अभियंता रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त पृष्ठभागावरून झिजणारी निराळी पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचे पदार्थ, निवडली, त्यामागे हाच विचार होता; मेंदूतील गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या, कर्करोगावरचे औषध सावकाश सोडणाऱ्या त्या चकत्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

वेळापत्रक चुकले तर काय होते, हे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या विरघळणाऱ्या स्टेंटने दाखवले. पॉलिलॅक्टिक आम्ल धातूइतके मजबूत नसल्याने ॲब्सॉर्ब या स्टेंटच्या पट्ट्या सुमारे १५० मायक्रॉन जाडीच्या कराव्या लागल्या. त्याला अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये मान्यता मिळाली. परंतु धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली.

आता हाच पदार्थ पेल्यात पाहा. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकची प्रचलित चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाला होते आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे, अशी तिची अट असते. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साखळ्या साठ अंशांच्या आसपास सैल होतात, म्हणून मोठ्या औद्योगिक ढिगात ते तुटते. समुद्राच्या पाण्यात मात्र तोच पेला वर्षभरानंतरही जवळजवळ जसाच्या तसा राहतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर निर्बंध आल्यापासून असे पेले आणि पिशव्या अधिक नजरेस पडतात. ज्या सोसायटीच्या खत-टाकीत ते तापमान टिकतच नाही, तिथे या पेल्यांना ओल्या कचऱ्यात जागा नाही, आणि विकणाऱ्याने हे पेल्यावरच ठळकपणे छापायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी जागा जमिनीखाली आहे. धातूचे सुटे भाग धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड असल्याने खोल भूजलात उतरते. ऑक्सिजन नसलेल्या थरांत काही जिवाणू त्याचे क्लोरीन अणू एकेक करून काढतात, आणि त्यांना लागणारा हायड्रोजन मिळावा म्हणून जमिनीत लॅक्टिक आम्लाच्या साखळीचे दाट द्रव्य सोडण्याची पद्धत अमेरिकेत वापरली जाते. ते पाण्याने हळूहळू तुटते, सुटलेल्या आम्लावर इतर जिवाणू हायड्रोजन तयार करतात, म्हणजे टाक्याच्या धाग्याचेच तत्त्व येथे मातीत काम करते. मात्र हे विघटन अर्ध्यावर थांबले तर व्हिनाइल क्लोराइड उरते, जे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झाले आहे. काम सुरू झाल्यावर विष वाढू शकते, ही गोष्ट प्रदूषक नाहीसा झाल्याचा आनंद मानणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. शेवटच्या पायरीपर्यंत, म्हणजे सर्व क्लोरीन निघून इथिलीन उरेपर्यंत, नेणारे जिवाणू प्रामुख्याने डीहॅलोकोकॉइडिस या एका गटातले असून त्यांच्याही सर्व वाणांत ती क्षमता नसते, म्हणून विहिरीच्या नमुन्यात त्या क्षमतेचे जनुक शोधतात आणि गरज पडल्यास योग्य जिवाणू बाहेरून सोडतात. ट्रायक्लोरोइथिलीन कमी झाले एवढ्यावर तज्ज्ञ समाधान मानत नाहीत. पाण्यात इथिलीन, म्हणजे फळे पिकवणारा तोच वायू, वाढत चालल्याचे मोजमाप मिळेपर्यंत ते निरीक्षण-विहिरींचे नमुने घेत राहतात.